घरबसल्या विद्या आणि विचारणारा माणूस
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात शिक्षण समितीच्या वतीने झालेले भाषण)



शिक्षण समितीच्या वतीने आज आपणांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. अहवालातील आकडे वाचून दाखवावेत, देणगीदारांचे आभार मानावेत आणि खाली बसावे, हा सोपा मार्ग आम्हांस मोकळा होता. परंतु येत्या साधारण सभेपुढे विद्यार्थी साहाय्य निधीतून पुन्हा एकदा टॅब व मोबाइल खरेदी करण्याचा ठराव यावयाचा आहे. त्या ठरावास हात वर करण्यापूर्वी आपण सर्वांनी एका गोष्टीचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. ऑनलाइन शिक्षणाचे साधन मुलाच्या हाती पडले, एवढ्याने विद्या त्याच्या पदरी पडत नाही. हात आणि पदर यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कोणी व कसे काटावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्ञातिसंस्थांच्या इतिहासात शिक्षणासाठी झालेले सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारल्यास वसतिगृहांचे, हेच उत्तर द्यावे लागेल. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून शिकविले. ह्या वसतिगृहांनी खेड्यातील मुलाला काय दिले? निवारा दिला आणि दोन वेळचे अन्न दिले, हे खरेच. परंतु ज्यांनी त्या काळी तेथे दिवस काढले त्यांच्या आठवणी ऐकाव्यात, म्हणजे आणखी चार गोष्टी कानी पडतात. अभ्यासाची ठरलेली वेळ होती. बसावयास ठरलेली जागा होती. शेजारी अभ्यास करणारा सोबती होता. आणि रात्री फेरी मारून, पाठीवर हात ठेवून, "आज काय केलेस, दाखव पाहू," असे विचारणारा कोणी तरी होता. पुस्तके तर घरीही नेता आली असती. ह्या चार गोष्टी मात्र घरी मिळण्याजोग्या नव्हत्या.

आम्हांस ह्या चार गोष्टींची आठवण उशिरा झाली, हे आज मोकळेपणाने सांगावयास हवे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. गरजू मुलांजवळ साधन नाही, हे आम्हांस दिसत होते. आपण सर्वांनी मुक्त हस्ते वर्गणी दिली, आम्ही मोबाइल घेतले, वाटले, फोटो काढले आणि ते ह्याच स्मरणिकेत छापले. पुढे वर्षभर आम्ही घरोघरी फोन करून एकच प्रश्न विचारीत राहिलो, "मोबाइल नीट चालतो ना?" मूल नीट चालते ना, हे विचारावयाचे राहून गेले.

त्या मुलांत तालुक्याच्या गावची एक मुलगी होती. ती त्या वर्षी नववीत होती. तिच्या नावाने दिलेला मोबाइल सकाळी थोरल्या भावाच्या कॉलेजच्या तासांसाठी लागे. दुपारी तिच्या वाट्यास आला तरी घरात रेंज नसे, म्हणून तो खिडकीच्या गजाशी टेकवून ती उभ्याने तास ऐके. हजेरी पूर्ण लागली. वर्ष संपल्यावर आमच्यापैकी एकीने तिला बीजगणिताचे साधे समीकरण सोडविण्यास सांगितले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "मावशी, मी सगळे तास ऐकले हो. पण मला कोणी काही विचारलेच नाही." हे वाक्य आम्ही आजवर विसरलेलो नाही. मोबाइलही होता आणि तासही होता. पलीकडून विचारणारे कोणी नव्हते.

आमचा हा अनुभव एकट्याचा नाही, हे पुढे प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांवरून दिसून आले. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२१ साली असे आढळले की, ग्रामीण भागातील शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु अशा घरांतीलही सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासास मिळतच नव्हता. २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वर्षे वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे तो स्वतःचा होता. मुलींत हेच प्रमाण सुमारे २० टक्के होते. पुढे २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांना आदल्या आठवड्यातील वापराविषयी विचारले असता ५७ टक्क्यांनी अभ्यासासाठी आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी फोन वापरल्याचे सांगितले. म्हणजे यंत्राची उणीव दिवसेंदिवस कमी होत आहे. यंत्र कोणाच्या हाती, किती वेळ आणि कशासाठी, हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

केवळ यंत्र देण्याचा प्रयोग परदेशांतही होऊन गेला आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना लहान संगणक वाटले. ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात संगणकांची संख्या पुष्कळ वाढल्याचे दिसले, परंतु गणितात व भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही.

ह्याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतील बोट्स्वाना देशाचे आहे. २०२० साली तेथील शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार कुटुंबांत एक प्रयोग झाला. काही घरी आठवड्यास गणिताची थोडी उदाहरणे साध्या संदेशाने पाठविली. काही घरी तसा संदेश पाठवून शिवाय आठवड्यातून एकदा सुमारे वीस मिनिटांचा फोनही केला. फोन करणारा शिक्षक पालक व मूल दोघांनाही जवळ बसवी, उदाहरण सोडवून घेई आणि चुकले तेथे थांबे. नुसत्या संदेशाचा मुलांच्या शिकण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. ज्यांना फोन गेला त्यांचे गणित मात्र सुधारले. येथे स्मार्टफोन नव्हता, चित्रफीत नव्हती. जुना बटणांचा फोन आणि विचारणारा एक माणूस एवढेच होते. त्याच वर्षी इटलीत विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक होऊन परिस्थितीने मागे पडलेल्या शाळकरी मुलांना आठवड्यातून काही तास ऑनलाइन शिकविले. मुलांच्या गुणांत वाढ झाली आणि त्यांचा उमेदीचा अभावही कमी झाला.

ज्ञातिबंधूंनो, दूरशिक्षणाचा हा धडा तसा जुनाच आहे. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत कोठेही पत्र धाडण्याची सोय झाली, तेव्हा बाथ येथील आयझॅक पिटमन ह्यांनी टपालाने लघुलिपी शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पिटमनकडे धाडावयाचा आणि तो दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत यावयाचा, अशी ती रीत होती. टपालाने पाठ जाई, आणि टपालानेच विद्यार्थ्याची चूक परत येई. ह्या परतीच्या टपालातच सारे शिक्षण होते. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ह्या विद्यापीठांनीही स्वाध्याय व अभ्यासकेंद्रे ठेवली, ती उगाच नव्हेत. विद्यार्थी दूर असला तरी त्याचा कागद कोणी तरी वाचला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आता हे तंत्र घरात नीट वापरावे कसे, ह्याविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या ज्या सूचना काढल्या, त्यांत पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाकाठी ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास असावेत आणि नववी ते बारावीच्या मुलांना चारांहून अधिक नसावेत, असे म्हटले होते. दिवसभर पडद्यासमोर बसलेला मुलगा अभ्यासू असतो, हा आपला समज सोडून द्यावा. वेळ थोडा असावा, परंतु रोजचा आणि ठरलेला असावा. घरात एकच मोबाइल असेल तर भिंतीवर वेळापत्रक लावावे, आणि त्यात मुलीचा तास मुलाच्या तासाइतकाच पक्का लिहावा. पाहुणे आले, वडिलांचा फोन आला, भावाचा सामना लागला, म्हणून तिचा तास पहिल्याने कापला जातो. तो कापला जाणार नाही, ही जबाबदारी घरातील कर्त्या माणसाची आहे.

दुसरी गोष्ट जागेची. अंथरुणावर लोळत पाहिलेला पाठ करमणुकीच्या वाटेने जातो. चटई असो की टेबल, जागा एकच असावी. मोबाइल हातात न धरता पुस्तकांच्या आधाराने उभा करावा, म्हणजे दोन्ही हात वहीस मोकळे राहतात. संदेशांच्या सूचना तेवढा वेळ बंद ठेवाव्यात. जेथे रेंज किंवा डेटा पुरत नाही तेथे पाठ आधी उतरवून घ्यावा. बालभारतीची पुस्तके 'ई-बालभारती'वर विनामूल्य मिळतात, आणि पाठ्यपुस्तकातील चौकोनी क्यूआर चिन्ह 'दीक्षा'च्या मदतीने वाचले असता त्या पाठाचे साहित्य उघडते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी २०१७ पासून 'स्वयं'वर अभ्यासक्रम आहेत. त्यांचे शिक्षण विनामूल्य असून प्रमाणपत्राच्या परीक्षेस तेवढे शुल्क पडते. त्यांचे गुण आपल्या पदवीत धरले जातील की नाही, हे आपल्या महाविद्यालयात आधी विचारून घ्यावे. घरी येऊन गोड बोलणाऱ्या विक्रेत्याच्या कागदावर हप्त्यांची सही करण्यापूर्वी, हे जे विनामूल्य आहे ते मुलाने एक महिना वापरून पाहिले आहे काय, एवढे पालकांनी स्वतःस विचारावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती पाहण्याच्या रीतीची. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या चित्रफितींचा लक्षावधी वेळा झालेला वापर तपासून २०१४ साली काही संशोधकांनी असे दाखविले की, फीत कितीही लांब असली तरी पाहणारे सामान्यतः सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नाहीत. यास्तव दर पाच-सहा मिनिटांनी फीत थांबवावी, पडदा पालथा ठेवावा आणि आताच काय ऐकले ते न पाहता वहीत चार ओळींत लिहावे. मग पुन्हा पाहून चूक दुरुस्त करावी. ह्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. २००६ साली अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटास उतारा चार वेळा वाचावयास दिला, आणि दुसऱ्या गटास एकदाच वाचावयास देऊन तीन वेळा आठवून लिहावयास लावले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांस सुमारे ४० टक्के आठवले, आणि आठवून लिहिणाऱ्यांस सुमारे ६१ टक्के. पुनःपुन्हा पाहिल्याने 'मला येते' असा भास होतो. ते खरोखर येते की नाही, हे कोरा कागदच सांगतो. आपल्या आजोबांच्या काळी गुरुजी पाटी पालथी ठेवावयास लावून पाढा म्हणवून घेत, त्यातील मर्म हेच होते.

चौथी गोष्ट नव्या बोलक्या यंत्रांची. कृत्रिम बुद्धीच्या साह्याने उत्तरे देणारी यंत्रे आता मुलांच्या हाती आली आहेत. त्यांस घराबाहेर ठेवणे शक्य नाही, आणि तसे करण्याची आवश्यकताही नाही. परंतु तुर्कस्तानातील सुमारे हजार शाळकरी विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला आहे, तो प्रत्येक पालकाने ऐकावा. गणिताच्या सरावात ज्यांना असे यंत्र मोकळेपणी वापरू दिले, त्यांची सरावातील उत्तरे पुष्कळ सुधारली. पुढे यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना यंत्र मुळीच दिले नव्हते त्यांच्याहून ही मुले १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्या गटास आयते उत्तर न देता केवळ पुढची खूण दाखविणारे यंत्र दिले होते, त्यांचे असे नुकसान बहुतांशी झाले नाही. ह्यावरून नियम असा घ्यावा की, आधी वहीत स्वतःचा प्रयत्न, मग यंत्रास प्रश्न. आणि प्रश्नही "उत्तर सांग" असा न विचारता "माझे कोठे चुकले ते दाखव" किंवा "ह्या धड्यावर मला पाच प्रश्न विचार" असा विचारावा. तेथेही यंत्र चुकीचे सांगू शकते, म्हणून पुस्तक उघडे असावे.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. वेळ, जागा आणि रीत ही घराने सांभाळावयाची आहेत. परंतु विचारणारा माणूस प्रत्येक घरात नसतो. शिकलेल्या आईबापांस वेळ नसतो, आणि न शिकलेल्यांस आपणांस काही विचारता येणार नाही असे वाटते. ह्या दुसऱ्या माताभगिनींस आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो की, विचारण्यास पदवी लागत नाही. रात्री भाकरी करता करता, "आज काय शिकलास ते मला समजेल असे सांग," एवढे म्हणावे. सांगताना मूल जेथे अडखळते तेथेच त्याचा उद्याचा अभ्यास असतो, आणि ते त्याचे त्यालाच कळते.

ज्यांच्या घरी हेही होत नाही, त्यांच्यासाठी संस्थेने पुढे यावे. आमची सूचना अशी आहे की, साहाय्य निधीतून यंत्रे जरूर घ्यावीत, परंतु जेथे घरात एकही साधन नाही तेथेच ती द्यावीत, आणि मुलीच्या नावाने दिलेले यंत्र मुलीच्याच हाती राहील असे पालकांकडून लिहून घ्यावे. उरलेला पैसा आणि त्याहून मोलाचा आपला वेळ 'विचारपूस तास' ह्या कामी लावावा. आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षक आहेत, बँकांतून निवृत्त झालेले गणिताचे जाणकार आहेत, पुण्या-मुंबईत शिकणारे तरुण आहेत, परदेशी गेलेली मुले-मुली आहेत. त्यांतील प्रत्येकाने दोन विद्यार्थी पत्करावेत. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे फोन करावा. विद्यार्थ्याने सोडविलेल्या उदाहरणांचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवावा, दुसऱ्या दिवशी खुणा करून परत पाठवावा. पिटमनचे परतीचे टपाल आज क्षणात पोहोचते, आणि त्यास एक पेनीही पडत नाही. फोन करताना पालक जवळ असावेत, आणि स्वयंसेवकांची नीट चौकशी करूनच संस्थेने नेमणूक करावी, ही खबरदारी अवश्य घ्यावी. आणि त्या घराशेजारचे मूल, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, तास ऐकावयास बसले तर त्यासही प्रश्न विचारावा. विद्येच्या पंगतीत पान मोजून वाढण्याची रीत आपण ठेवू नये.

त्या नववीतल्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. जिला ती 'मावशी' म्हणाली, त्या आमच्या समितीतील निवृत्त शिक्षिकेने दुसऱ्या दिवसापासून तिला रोज संध्याकाळी साधा फोन करावयास आरंभ केला. त्या पुस्तकातील एक उदाहरण सांगत, मुलगी वहीत सोडवी, आणि एकेक पायरी मोठ्याने वाचून दाखवी. पहिले काही आठवडे दोघींनी सहावीचे अपूर्णांकच केले, कारण अडचण तेथे होती. हळूहळू समीकरणे आली. दहावीत ती गणितात उत्तीर्ण झाली. गुण फार मोठे नव्हते, आणि स्मरणिकेत तिचा फोटोही आला नाही. परंतु निकालाच्या दिवशी तिने मावशींस फोन केला तो आभार मानावयास नव्हे. धाकट्या चुलतबहिणीस आता आपणच रोज काही तरी विचारीत जाऊ, तर आरंभ कोठून करावा, हे तिला जाणून घ्यावयाचे होते.

बंधुभगिनींनो, आमच्या समितीने पाच-सहा वर्षांत जे मोबाइल वाटले त्यांतील बहुतेक आज नादुरुस्त होऊन पडले असतील. त्या मावशींनी दिलेली वीस मिनिटे मात्र दुसऱ्या घरी पोहोचली. सभामंडपाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तीत आज देणगीची रक्कम लिहावयाची नाही. आपले नाव, आपणांस शिकविता येणारा विषय आणि आठवड्यातील आपली मोकळी वेळ, एवढे लिहावे. साधारण सभेत ठराव यावयाचा तेव्हा येईल. त्यापूर्वी ती वही भरलेली असावी, एवढीच आमची इच्छा आहे.